सासूबाईंचा तवा आणि स्वतःला धुणारा ओव्हन

माझ्या नवऱ्याला बटण दिसलं की ते दाबल्याशिवाय चैन पडत नाही. वर माहितीपुस्तिका वाचायची भारी हौस. आमच्या लग्नाचे फोटो कुठे ठेवलेत ते विचारा, सांगता येणार नाही. पण कधीच मोडीत गेलेल्या मिक्सरची पुस्तिका मात्र कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेली आहे. अशा माणसानं घर घ्यावं आणि त्या घरात आधीच्या लोकांनी स्वतःला स्वच्छ करणारी विजेची कुकिंग रेंज बसवून ठेवलेली असावी, याला नशीब म्हणतात. माझं, दुसऱ्या कुणाचं नाही.

रेंज म्हणजे वर काचेखाली चार चुली आणि खाली ओव्हन. चुली मी वापरते. ओव्हन म्हणजे माझं कपाट. झाकणं, मोठी पातेली, न लागणारे साचे, सगळं त्यात. महिन्यातून एकदा नवऱ्याला पिझ्झा गरम करायची लहर येते, तेव्हा तो सगळं बाहेर काढतो, चीज तळावर सांडतो आणि माझी भांडी उलटीपालटी करून परत आत कोंबतो. आणि त्याच ओव्हनच्या तळाशी, जाळीच्याही खाली, मी लपवला होता सासूबाईंचा तवा.

लपवायचं कारण नवराच. एकदा या गृहस्थानं तो तवा साबणानं घासायला घेतला होता. तारेची घासणी हातात! मी अशी ओरडले की शेजारच्या बाई धावत आल्या. अहो, बिडाचा तवा तो. वर्षानुवर्षं तेल पिऊन पिऊन त्याच्यावर काळा थर चढतो, तो थर म्हणजेच तवा. तो गेला की उरतं नुसतं लोखंड.

सासूबाईंचा तवा साधासुधा नव्हता. तो त्यांच्या माहेरचा. त्यांच्या आईचा, त्याआधी आजीचा. सासूबाई हे सांगायच्या तेव्हा आवाज असा खाली यायचा की ऐकणाऱ्यानं पाय खाली घेऊन नीट बसावं. आमच्या घराण्यात दोन गोष्टी अभिमानाच्या. एक हा तवा आणि दुसरा सासऱ्यांच्या पोटावरचा डाग. बेंबीच्या वर, ताटलीएवढा गोल. कारखान्याला आग लागली तेव्हा आत अडकलेल्या माणसाला पोटाशी धरून त्यांनी बाहेर काढलं होतं. पाहुणे आले की सासरे सदरा वर करून दाखवायचे. माझ्या नवऱ्यानं शाळेत 'माझे वडील' निबंधात हेच लिहिलं आणि पहिलं बक्षीस आणलं. आग इतकी गोल कशी भाजते, हे मला कायम विचारायचं होतं. पण सासरे गेले आणि ते राहूनच गेलं.

तर त्या तव्याचा वारसा ठरायचा होता. मोठ्या जाऊबाई की मी? सासूबाईंनी परीक्षा लावली. सहा महिने तवा जाऊबाईंकडे, सहा महिने माझ्याकडे. मग सासूबाईंच्या वाढदिवसाच्या दिवशी माझ्याच घरी सगळ्यांसमोर अंडं फोडायचं आणि तवा नुसता हलवायचा. अंडं सरकलं तर पास. जाऊबाईंकडे असताना ते सरकलं होतं. मला तो तवा हवा होता, अगदी जीव टाकून हवा होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सासूबाई मला "ही आमची धाकटी, हिला घाई फार" अशी ओळख करून देतात. तवा मिळाला असता तर ती घाई तरी पुसली गेली असती.

आणि आज तो वाढदिवस. दुपारी मी बाजारातून आले तर दारातच करपल्याचा वास. नवरा स्वयंपाकघराच्या मध्यभागी छातीवर हात बांधून उभा. सगळ्या खिडक्या उघड्या, पंखा सुरू, आणि ओट्यावर माझी सगळी झाकणं, पातेली, साचे अगदी उंचीप्रमाणे रांगेत लावलेले.

"काय केलंत?"

"सेल्फ क्लीन!" म्हणाला. "संध्याकाळी दादा येणार. मागच्या वेळी ओव्हनमध्ये डोकावून हसला होता. आता बघ म्हणावं. अगं, आतून इतका तापतो की सगळ्या घाणीची राख होते. आपण नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. पुस्तिकेत लिहिलंय तसं सगळं केलं. जाळ्या काढल्या, भांडी काढली, दाराच्या कडेच्या पट्टीला हात लावला नाही. पक्ष्यांना धूर सोसत नाही म्हणून शेजारचा पोपटसुद्धा खालच्या मजल्यावर पोचवून आलो."

रांगेतली भांडी मी डोळ्यांनी दोनदा चाचपली.

"तवा कुठेय?"

"कुठला तवा?"

"जाळीच्या खाली. तळाशी."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "तो तवा होता? मला वाटलं ओव्हनचा तळच तसा आहे. काळ्यावर काळं, काय दिसणार? आतला दिवाही गेलाय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोपटाचा जीव वाचवणाऱ्या या उंटावरच्या शहाण्याला बायकोचा तवा दिसला नाही! मी ओव्हनच्या दाराला लटकले. दार हलेना. त्यानं बंद करायचं बटण दाबलं, पाटीवरचे आकडे गेले, तरी दार बंदच.

"आतून थंड झाल्याशिवाय कुलूप उघडत नाही," तो म्हणाला. "जोर लावू नये, असं ठळक अक्षरात—"

"ठळक अक्षरात तुमच्या कपाळावर लिहिते मी आता!"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. संध्याकाळी यायच्या सासूबाई दुपारीच हजर. म्हणे, सूनबाईला जरा मदत करावी. मदत कसली, तव्यावर नजर टाकायला आल्या होत्या. माझी पाचावर धारण बसली. मी नवऱ्याला ढकलत ढकलत केक आणायला पिटाळलं आणि सांगितलं, "लांबच्या दुकानातून आणा."

"काय गं जळतंय?" सासूबाईंनी आल्या आल्या नाक वर केलं.

"काही नाही आई. ओव्हन स्वतःला धुतोय."

"स्वतःला?" त्यांनी ओव्हनकडे कौतुकानं पाहिलं. "बरं झालं. या घरात एक तरी आहे. चहा टाक."

टाकते कुठली! आतली सफाई चालू असली की वरच्या चुलीही चालत नाहीत, आणि थंड होईपर्यंत ही रेंज रुसूनच बसते. मी सरबत दिलं. त्यांना चहाच हवा होता. मी पंख्याखाली बसवलं, त्यांना गार लागलं. मी फोटोंचा गठ्ठा शोधायला गेले, तो अर्थातच सापडला नाही. शेवटी त्या उठल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

"तवा काढ. अंडं आधी एकदा करून बघू. उगाच सगळ्यांसमोर तुझी फजिती नको."

त्या हे मायेनं म्हणाल्या हो. तीच तर पंचाईत. रागावल्या असत्या तर मी चार थापा सहज मारल्या असत्या. मला एकदम रडूच फुटलं. "आई, तवा आत आहे. ओव्हनमध्ये. ह्यांनी बटण दाबलं."

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. मी आपली नाक पुसत ओव्हनच्या दाराला हात लावून बघत होते, गरम आहे का, कोमट झालं का. आजारी मुलाच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी आत कुठेतरी खट् झालं आणि कुलूप सुटलं.

दार उघडलं. आत चिमूट-चिमूट राख आणि राखेत तवा. जाड कापडानं धरून मी तो बाहेर काढला. करडा! अगदी सोललेला. वर गंजासारखी लालसर भुकटी. बोट लावलं तर काळ्या थराचे शेवटचे पापुद्रे गळून पडले. इतक्या वर्षांचं तेल, इतक्या वर्षांची अंडी, सगळं माझ्या नवऱ्यानं एका बोटानं पुसून टाकलं होतं.

मी तवा उलटा करून भुकटी झटकली. आणि थांबले. पाठीवर इतकी वर्षं बोटभर काजळी होती, तिथे आता ओतीव अक्षरं वर आली होती. मी मोठ्यानं वाचलं.

"कारखाना भोजनगृह. बाहेर नेऊ नये."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, तिथे पाहण्यासारखं काही नाही.

"आई, तुमच्या माहेरी भोजनगृह होतं?"

"दार लाव आधी," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

"माझ्या माहेरी एक पातेलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "तेही गळकं. कारखान्याच्या भोजनगृहात अंडी तळायचे मी, या तव्यावर. हे यायचे ते दोन अंडी मागायचे आणि चार वेळा रांगेत उभे राहायचे. लग्न ठरलं, मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी म्हटलं, बाकी कशाचं काही नाही, या तव्याला सोडून जाववत नाही. झालं! या माणसानं तवा उचलला, सदऱ्याच्या आत घातला आणि चालू लागला."

"मग?"

"मग काय? तवा चुलीवरून नुकताच उतरवलेला होता."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझा हात आपोआप पोटावर गेला. गोल. ताटलीएवढा.

"फाटकाशी रखवालदारानं थांबवलं," सासूबाई सांगत होत्या. "संशयानं नव्हे, गप्पा मारायला. लग्न कुठे, जेवायला काय, किती माणसं येणार. आणि हे आपले हसून उत्तरं देतायत, डोळ्यांतून घळाघळा पाणी. रखवालदार म्हणतो, काय हो, लग्नाचा एवढा आनंद? आणि वर म्हणतो, वास काय छान सुटलाय!"

एवढं बोलून त्या जे हसायला लागल्या! मीही. दोघी एकमेकींचे दंड धरून हसलो. मग त्यांचं हसता हसता रडणं कधी झालं ते कळलं नाही. "फार वेडा होता गं माझा माणूस," म्हणाल्या. "फार आठवण येते." मी त्यांना जवळ घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच, खरं सांगते.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "पाहुणे यायला वेळ आहे ना? तेल काढ. आणि हे बघ, बाळ्याला यातलं अक्षर कळता कामा नये. निबंध लिहिलाय त्यानं."

मग आम्ही कामाला लागलो. तवा धुतला, पुसला, वर तेलाचं अगदी पातळ बोट फिरवलं आणि ज्यानं घात केला त्याच ओव्हनमध्ये पालथा घातला. काढला, पुन्हा तेल, पुन्हा आत. नवरा केक घेऊन आला तर त्याला दारातूनच मेणबत्त्या आणायला पाठवलं. दिवे लागेपर्यंत तवा बदामी झाला, काळपट म्हणावा इतपत. माहेरचा वाटावा असा मात्र मुळीच नाही.

रात्री सगळे जमले. जाऊबाई तव्याकडे बघून म्हणाल्या, "रंग उतरलाय का हो याचा?"

"दिवा बदललाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी लिंबाएवढं लोणी तव्यात टाकलं, स्वतः अंडं फोडलं आणि तवा हलवला. अंडं ढिम्म. त्यांनी आणखी एक असा हिसका दिला की अंड्याचा एक काठ फाटला आणि उरलेलं दोन बोटं पुढे गेलं.

"सरकलं!" सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, चिकटलंय ते," जाऊबाई म्हणाल्या.

"सरकलं म्हणते ना. तवा धाकटीचा."

जाऊबाईंनी खालून काही फरक आहे का ते पाहायला तवा उचलला आणि उलटा करू लागल्या. सासूबाई कडाडल्या, "ठेव खाली! माहेरची वस्तू उलटी करत नाहीत. माझ्या आजीनं बजावून ठेवलंय!" जाऊबाईंनी घाबरून तवा ठेवला. सासूबाईंच्या आजीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, आमचा तवा त्याहून महाग.

आवरताना सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता तुझ्याशिवाय देणार कुणाला?" मी मान डोलावली.

नवरा मात्र ओव्हनपुढे उकिडवा बसला होता. दादाला दाखवायचा बेत फसला म्हणून हिरमुसला होता. "बाकी सगळं चकचकीत झालं गं," म्हणाला, "पण तव्यानं तळाला एक डाग पाडलाय. गोल. घासून जात नाही. पुन्हा एकदा बटण दाबून बघू?"

मी आणि सासूबाई दोघी वाकलो. ओव्हनच्या पोटात, बरोबर मध्यभागी, ताटलीएवढा गोल डाग.

"हात लावलास तर बघ, बाळ्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डागावरून हलकेच बोट फिरवलं आणि दार लावून घेतलं.