इंजिनाची बैठक

बारक्याने आल्या आल्या इंजिनाखालचं रबर काढून टाकायला सांगितलं, तेव्हाच ताईचं डोकं सणकलं. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सहा फुटी, दाढीत पांढरे केस आलेला. पण घरातलं शेंडेफळ म्हणून तो बारक्या, आणि शर्यतीच्या बोटी चालवणाऱ्यांतही सगळे त्याला बारक्याच म्हणायचे. बोट तो चालवायचा, बोटीचं पोट ताई सांभाळायची. वडिलांच्या माघारी बोटी दुरुस्तीची शेड तिच्याकडे आली होती आणि इंजिन कशावर बसवायचं हे ठरवण्याचा हक्क आपलाच, असं तिला मनापासून वाटत होतं.

इंजिन काही हवेत तरंगत नाही. बोटीच्या तळातल्या लांब तुळयांवर ते चार पायांनी बसतं आणि प्रत्येक पायाखाली एक माउंट असतो. माउंटात रबर असलं की इंजिनाची थरथर ते रबर गिळून टाकतं. बोटही सुखी, माणूसही सुखी. रबराऐवजी भरीव अॅल्युमिनियमचे ठोकळे घातले तर इंजिन जागचं हलत नाही, पण त्याचा प्रत्येक हादरा तळातून, सीटमधून थेट चालवणाऱ्याच्या मणक्यात जातो. बारक्याची कंबर एका अपघातात आधीच दुखावलेली होती. म्हणून ताईने दहा जणांचं डोकं खाऊन, हातात दाबून दाबून बघून मध्यम कडक रबराचे माउंट निवडले होते.

तिने त्याला चार शब्द सुनावले. हादऱ्यांनी तुळयांना चिरा पडतात, बोल्ट सैल होतात, आणि मणका काही दुकानात नवा मिळत नाही. बारक्याने तिच्या तोंडाकडे बघत सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की रबरावर त्याला इंजिन कळत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तो कुणाचं ऐकत नाही ही घरातली जुनी थट्टा होती आणि हल्ली ती फारच रंगायची. याचे कान फक्त इंजिनापुरते उघडतात, असं त्याची बायको म्हणायची. सगळे हसायचे. बारक्याही हसायचा, जरा उशिराने.

आधी माझं रबर लावून बघू, मग काय ते बोल, असं ताईने बजावलं आणि दोघं कामाला लागली. इंजिनाचं तोंड आणि पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टचं तोंड कागदाच्या जाडीइतकंही तिरकं राहून चालत नाही. बोट पाण्यात असतानाच ते जुळवायचं, कारण जमिनीवर तिचा तळ वेगळा बसतो. म्हणून बोट शेडलगतच्या धक्क्याशी तरंगत होती. ताई मागे शाफ्टपाशी आडवी झाली, त्या दोन तोंडांच्या फटीत, फट मोजायच्या गेजची पातळ पत्ती सरकवून. बारक्या पुढे, माउंटचा नट पान्याने फिरवून इंजिन केसभर वर घेत होता. मध्ये इंजिन, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. पत्ती अडली की मागच्याने ‘बास’ म्हणायचं आणि पुढच्याने हात थांबवायचा, हे दोघांना वडिलांनी शिकवलं होतं.

पत्ती अडली. ताई ‘बास’ म्हणाली. नट फिरतच राहिला. तिने पुन्हा म्हटलं, मग आवाज चढवून म्हटलं, आणि तेवढ्यात फट उघडून पत्ती तिच्या अंगावर पडली. “बहिरा झालास का रे?” ताई खेकसली. हे वाक्य ती गेलं वर्षभर खेकसत होती. तिने डोकं वर काढून पाहिलं. पलीकडे बारक्या मान खाली घालून, कामात गढलेल्या चेहऱ्याने पाना ओढत होता. शेडमध्ये एकही यंत्र चालू नव्हतं.

ती वळसा घालून गेली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. मग तिचा चेहरा बघून त्याला कळायचं ते कळलं, आणि पाना खाली ठेवून तो तिथेच बसला. डावा कान केव्हाचाच गेला होता आणि उजवाही आता जवळजवळ गेल्यातच जमा होता. डॉक्टर सोडले तर कुणाला माहीत नव्हतं, बायकोलाही नाही. शर्यतीआधीच्या तपासणीत कान तपासणाऱ्या बाईंचं बोट त्याला खिडकीच्या काचेत दिसत होतं. त्यांनी बटण दाबलं की हा हात वर करायचा. हे त्याने इतकं रंगवून सांगितलं की ताईला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

तिला वडिलांचा राग आला. कानांत बोळे घालून इंजिन कळत नाही, असं म्हणून ते बारक्याला उघड्या कानांनी धडधडत्या इंजिनापाशी उभं करायचे. ताईला मात्र जाड कानपट्टे दिले होते, मुलीला काय करायचंय ऐकून, असं म्हणून. त्या कानपट्ट्यांचा तिने आयुष्यभर अपमान मानला होता.

आणि मग तिला मागची शर्यत आठवली. किनाऱ्यावरून हेल्मेटमधल्या रेडिओवर बारक्याच्या कानाशी बोलायची ती ताईच. पुढे कोण आहे, कोण उलटलं, कुठून काढायची, सगळं तिनेच सांगायचं. मागच्या वेळी वळणावर एक बोट उलटली होती आणि तिचा माणूस पाण्यात होता. ताईने ओरडून घसा फोडला. बारक्या त्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला. रेडिओ बिघडला होता म्हणाला, आणि ताईने भाबडेपणाने नवा रेडिओ बसवला.

“म्हणून ठोकळे पाहिजेत,” बारक्या म्हणाला. “इंजिन अंगातून कळेल मला. एवढी एक शर्यत, ताई. मग मीच थांबतो.”

नाही म्हणणं तिच्या अगदी जिभेवर होतं. पण त्याला बोटीशिवाय बघायची तिला सवय नव्हती, आणि कुणी सांगावं, जमेलही, अशी वेडी आशा तिने धरली. तिने आपले रबराचे माउंट स्वतःच्या हाताने उतरवले आणि ठोकळे चढवले. ठोकळ्यांना नटाने उंची देता येत नाही, खाली पातळ पत्रे सारत जावं लागतं. बारक्या पत्रे सारत होता आणि पत्ती अडली की ताई पाय लांब करून त्याच्या पावलाला ढोसत होती. काम झकास जुळलं. दोघं लहान असल्यासारखी एकदा हसलीसुद्धा.

दोर आवळून बोट धक्क्याला पक्की बांधली आणि इंजिन सुरू केलं. सगळी बोट दात वाजल्यासारखी थरथरू लागली. बारक्या हेल्मेट घालून सीटवर बसला, दोन्ही तळवे बोटीच्या अंगाला टेकवले आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, “तिसरा सिलिंडर मागे पडतोय.”

ताईने कानपट्टे काढून ऐकलं. खरोखरच तिसरा सिलिंडर किंचित मागे पडत होता, तिलाही नीट कान दिल्यावरच कळलं. आनंदाने तिचा जीव सुपाएवढा झाला. क्षणभर तिला वाटलं की सुटलो आपण.

मग ती त्याच्या पाठीमागे गेली आणि तिने रेडिओचा माइक हातात घेतला.

“समोर बोट उलटली आहे, डावीकडे घे,” ती म्हणाली. शर्यतीत म्हणायची तसंच, त्याच आवाजात. मग पुन्हा म्हणाली. मग तिला पुढचं बोलवेना, तरी ती बोलली. “पाण्यात माणूस आहे, बारक्या.”

बारक्याचे डोळे मिटलेलेच होते. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं सुख होतं. त्याने इंजिनाचा वेग आणखी थोडा वाढवला.

ताईने हात लांब करून इंजिन बंद केलं. थरथर थांबली तसे त्याने डोळे उघडले. ती त्याच्या समोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून उजेडाकडे तोंड केलं.

“मी तुला शर्यतीत उतरू देणार नाही. आजच कळवते शर्यतवाल्यांना.”

बारक्या तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“परत सांग,” तो म्हणाला. “दिसलं नाही.”

त्याचे डोळे काठोकाठ भरले होते, खरंच दिसलं नसेल. ताईने बाहीच्या स्वच्छ टोकाने त्याचे डोळे पुसले आणि तेच पुन्हा, एकेक शब्द सुटा करून, सावकाश सांगितलं.