बिराजदार सरांचं मुकं कॅबिनेट

लातूरच्या चार चौकांत ज्यांचा हाताची घडी घातलेला फोटो लागतो, ते फिजिक्सचे मृत्युंजय बिराजदार सर चोरासारखे नांदेडला निघाले होते, आणि ते कशासाठी, तर एका पत्र्याच्या डब्यासाठी. कॉम्प्युटरचं सगळं मशीन ज्याच्या पोटात बसवतात, त्या डब्याला कॅबिनेट म्हणतात. सरांना तो स्वस्त पाहिजे होता आणि मुका पाहिजे होता.

त्याचं कारण असं, की सर गेम खेळायचे. बंदुकांचा, ऑनलाइन, कुठल्या कुठल्या देशांतल्या शाळकरी पोरांशी. सकाळची बॅच झाली, जेवण झालं, की दोन ते साडेचार खालच्या ऑफिसच्या खोलीला आतून कडी. बायको अंबिकाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, पेपर काढायला बसलेत. आणि हेच सर पालकसभेत माईक धरून सांगायचे, की ज्या घरात गेम शिरला त्या घरातून डॉक्टर निघत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाणाचा निकाल चांगला लागत होता, म्हणून पालक माना डोलवत होते.

वरच्या मजल्यावर सरांनी मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणाऱ्या आठ पोरी ठेवल्या होत्या. मोबाईल संध्याकाळी अर्धा तास, तोही घरी बोलायला. गेम सापडला की पेटी खाली. दुपारी कधीही सर अंबिकाबाईंना पुढं घालून जिना चढायचे आणि तपासणी करायचे. मार्चमध्ये इस्लापूरची पुनम सापडली. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. तिचे वडील दगडोबा एवढ्या लांबून आले, पोरीची पेटी खांद्यावर घेऊन फाटकात उभे राहिले, आणि सरांनी बाकीच्या पोरींसमोर त्यांना तशा ओझ्यासकट वीस मिनिटं शिस्तीचं महत्त्व सांगितलं. दगडोबा "हाव सर, हाव सर" म्हणत राहिले. त्या आठवड्यात सर जरा जास्तच तापट होते. गेमची चित्रं पडद्यावर आणणारं जुनं ग्राफिक कार्ड काढलेलं, नवं यायचं होतं, आणि चार दिवस मशीन उघडं, बंद पडलेलं होतं.

नवं कार्ड आलं ते दांडगं आलं. गेम झकास चालायला लागला, पण कार्ड तापायचं आणि जुन्या डब्यातले पंखे आधीही घरघरायचे, ते आता असे सुटायचे की टेबल थरथरायचं. एक दिवस अंबिकाबाई ताट उचलता उचलता म्हणाल्या, "वरच्या पोरी विचारायल्यात, सरांनी खाली पिठाची गिरणी टाकली का म्हणून."

सरांनी हात पुसला. "इन्व्हर्टर आहे म्हणावं," ते म्हणाले.

पण इन्व्हर्टर काही रोज दोनला सुरू होऊन साडेचारला बंद पडत नाही. उद्या एखाद्या पोरीनं घरी सांगितलं, ते चार पालकांच्या ग्रुपवर गेलं, तर चौकातल्या फोटोला लोक मिशा काढणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती झाकायलाच हा डबा लागत होता. लातुरात घ्यावा तर प्रत्येक दुकानात एक तरी माजी विद्यार्थी. म्हणून नांदेड.

नांदेडला वजीराबाद भागातल्या एका बोळातल्या दुकानात शिरले तर समोर काचेच्या डब्यांची रांग. आत लाल, हिरवे, जांभळे दिवे फिरत होते. दोन तरुण त्या दिव्यांकडे बघत हरखून उभे होते. सरांना दोघांचीही कीव आली. असल्यांना फिजिक्स शिकवायचं म्हणजे हाल्याला वेद शिकवायचा, असं त्यांच्या मनात आलं. काउंटरमागे एक पंचविशीतली मुलगी ओढणी कमरेला खोचून स्क्रू पिळत होती.

"मालक कुठायत?" सरांनी विचारलं.

"मीच हाय. बोला, सर."

सर म्हणजे गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, असं सर समजले. त्यांनी घरून ठरवून आणलेलं नाव सांगितलं. "म्या बसवराज. देवणीचा हाय. भाच्याला कॅबिनेट पायजे. आवाज येऊ ने, न् लई महाग नको." बारा वर्षं त्यांनी 'हाय-न्हाई' बोलणाऱ्या पोरांना वर्गात उभं केलं होतं. आता स्वतः बोलताना त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

"कार्ड कोणतं हाय भाच्याचं?"

सरांनी कार्डाचं नाव, मेमरी, किती वॅट ओढतं, सगळं एका दमात सांगितलं. मुलीनं एकदा मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. मग आतून एक काळा डबा आणला. पुढची अख्खी बाजू जाळीची.

"हे न्या. सगळ्यात स्वस्त हेच हाय. पुढून दोन मोठे पंखे लावून देते."

"हे? हे तर कोंबड्याचं खुराडं हाय. एवढ्या भोकांतून आवाज भाईर यील की सगळा."

"न्हाई येत. पंखा मोठा आसला की हळू फिरला तरी तेवढीच हवा ओढतो. हळू फिरला की गप ऱ्हातो. बंद डब्यात हवा कोंडती, मशीन तापतं, मग पंखा बोंबलतो. आवाज पंख्याचा आसतो सर, भोकाचा नसतो."

सरांच्या कपाळाची शीर उडाली. एक स्क्रू पिळणारी पोरगी त्यांना हवा आणि आवाज शिकवत होती. त्यातून हे खुराडं सगळ्यात स्वस्त, आणि स्वस्त वस्तू बरोबर असू शकते यावर सरांचा विश्वास नव्हता. त्यांच्या क्लासची जाहिरातच त्यावर उभी होती. कोपऱ्यात एक जाडजूड बंद कॅबिनेट होतं. आतून फोम, पुढून सपाट दार, तिजोरीसारखं. सरांनी त्यावर टिचकी मारली.

"आवाजाला जायला वाट लागती, बाई. वाट बुजवली की आवाज आतल्या आत मरतो. साधं विज्ञान हाय. हे द्या."

"ह्याच्यात ते कार्ड शिजंल."

"ते भाच्याचं आम्ही बघू."

"बरं," मुलगी म्हणाली. "तापलं तर आठ दिवसांत आणा, बदलून देते." भाव मात्र सरांनी पाऊण तास पाडला.

लातुरात एप्रिलचं ऊन पत्रा वाकवील असं. पहिल्या दुपारी दहा मिनिटं तिजोरी खरंच गप होती, आणि सर स्वतःवर खूश झाले. विसाव्या मिनिटाला आत कुणीतरी उसासा टाकल्यासारखं झालं. अर्ध्या तासानं अशी घरघर लागली की सरांनी डब्यावर गादी टाकली. गादीनं हवा जायची राहिलेली फटही बुजली. मशीन आणखी पेटलं, किंचाळलं आणि ऐन लढाईत पटकन बंद पडलं. दाराबाहेरून अंबिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "पोरी विचारायल्यात, विमान उतरलं का म्हणून."

सहाव्या दिवशी अख्खं मशीन चादरीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर निजवून, सर परत नांदेडला आले. "तुमचा डबाच खराब निघाला," हे त्यांचं पहिलं वाक्य. ती मुलगी 'मी म्हणलं नव्हतं का' म्हणेल, मग तिला सुनावायचं, अशी त्यांची तयारी होती. तिनं नुसती चादर सोडली. तिनं पंचा ओढून टेबल पुसलं आणि तासभर एकेक भाग काढून जाळीच्या डब्यात बसवला. याचाही सरांना राग आला. माणसानं निदान टोमणा तरी मारावा.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखे फिरताना दिसत होते, आणि आवाज नव्हता. तिनं मशीनला मुद्दाम ताण दिला, कार्डाला घाम फोडला. तरी फक्त एक हलकी झुळूक. सरांनी जाळीला कान लावला. स्वस्त खुराडं गप होतं. हे त्यांना पटलं, आणि पटलं म्हणून ते आणखी चिडले.

"बिल बसवराजच्या नावानं करू का तुमच्या, सर?" मुलीनं विचारलं.

सरांनी जाळीवरून कान काढला.

"मी सृष्टी. दोन वर्षं तुमच्या वरच्या मजल्यावर होते. जिन्याकडची खाट."

सरांनी तिच्याकडं नीट बघितलं. त्यांना काही आठवेना. त्यांनी पोरी कधी तोंडावरून ओळखल्याच नव्हत्या. "टेस्टला किती पडायचे तुला?"

"एकशे ऐंशीत बेचाळीस."

तरी आठवली नाही. बेचाळीसवाल्या फार होत्या, आणि त्यांच्याकडं बघायला सरांना कधी सवड नव्हती. ही पुढं विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली होती, हे भिंतीवरच्या फ्रेममध्ये लिहिलं होतं. ते त्यांनी आत्ता वाचलं.

"हे बघ सृष्टी," सर म्हणाले, आणि त्यांचं शुद्ध मराठी एकदम परत आलं, "हे कुणाला बोलू नकोस. माझं खेळण्याचं."

"बोलायला काय हाय त्यात? सगळ्यांना ठाव हाय की."

"सगळ्यांना म्हणजे?"

"वरच्या पोरींना. माझ्या आधीच्यांनी मला सांगितलं, मी माझ्या नंतरच्यांना सांगून आले. पहिल्या दिवशीच सांगतेत. पाणी कधी येतं, गरम पाण्याची बादली कुणाची कोणती, न् खालची घरघर बंद झाली की मोबाईल गादीखाली घाला, सर तपासाय येतेत." तिनं चादरीची घडी घातली. "तुम्ही खेळायला बसला की आम्ही निवांत. आमची घंटाच होती ती. म्हणून इचारते, आवाज खरंच बंद करायचा का? पोरींचं आवघड होईल."

ती थट्टा करत नव्हती. गिऱ्हाइकाला पंखा छोटा पाहिजे का मोठा, तसं विचारत होती. सरांना तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दुसऱ्याच क्षणी आपलं तोंड कुठंतरी लपवावंसं वाटलं. त्यांनी पैसे टाकले, मशीन उचललं आणि निघाले.

वाटेतलं लोहा गाव मागं पडेपर्यंत ते सृष्टीला शिव्या देत होते. मग हळूहळू हिशेब लागत गेला. पुनम सापडली, तेव्हा मशीन चार दिवस उघडं पडलं होतं. घरघर नव्हती, म्हणून बंद होण्याची खूणही नव्हती. सात जणी आधीपासून सावध असतील. ही बिचारी बेसावध सापडली. तिची लबाडी सरांनी पकडली नव्हती, तिला फक्त घंटा ऐकू आली नव्हती. आणि ज्या पोरी फाटकात माना खाली घालून त्यांचं भाषण ऐकत होत्या, त्या भिऊन गप नव्हत्या, सरांवर मनातल्या मनात दातओठ खात होत्या. बारा वर्षं दर जूनला नव्या पोरी येत होत्या, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना सरांची किंमत सांगितली जात होती. सरांना लाज वाटली. अहमदपूरच्या पुढं ती इतकी वाटली की त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाणी प्यायले, आणि फोनमध्ये दगडोबांचा नंबर काढून तो बराच वेळ नुसता बघत बसले. लावला नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दोनला कडी लावून सरांनी मशीन सुरू केलं. खोली इतकी गप, की जिन्याच्या बाजूनं वरचं बोलणं शब्दन् शब्द खाली येत होतं. इतकी वर्षं पंख्यांच्या घरघरीत ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

"लागलं का गं खाली?"

"न्हाई अजून. कालपण न्हाई."

"मग ठेव तो मोबाईल. वर येतंय बघ म्हातारं."

सर त्रेचाळीस वर्षांचे होते. वर गादी उचलल्याचा आवाज आला, मग सात वह्यांची पानं एकदम उलटली, आणि मग काहीच नाही. सरांनी बारा वर्षं मागितली होती तशी शांतता आज त्यांना मिळाली होती, आणि त्या शांततेत सात पोरी श्वास रोखून फक्त त्यांच्या पावलांची वाट बघत होत्या. जिना चढलं असतं तर आजही एखादी सापडली असती. सर दहा मिनिटं बसले, पंधरा मिनिटं बसले. उठून दाराशी गेले, कडीला हात लावला, परत येऊन बसले. त्या शांततेत त्यांना बसवेना.

मग त्यांनी स्क्रीनवर पंख्यांचा वेग शोधला आणि सगळे पंखे शंभरावर नेले. जाळीच्या डब्यानं घरघर धरली. टेबलावरचा पेला किणकिणला.

वर एक खाट करकरली. कुणीतरी मोठ्यानं सुस्कारा सोडला.

"लागलं बाई एकदाचं," एक पोरगी म्हणाली. "खेळू दे बिचाऱ्याला."