अकराव्या वर्षीची दहावी

“आता एकच धर. बाकीचं सगळं माळ्यावर.”

पुण्यातल्या दोन खोल्यांतला, वडिलांचा, कमलाकररावांचा तो आवाज सतीशच्या कानात अजून ऊबदार होता. दहावीच्या वर्षी त्यांनी मुलाची बॅट, कॅरम, पेटी माळ्यावर टाकली, केबल काढली, पाहुण्यांना यंदा येऊ नका म्हणून कळवलं. सतीश बोर्डात आला. पुढे इंग्लंडात लीड्सपर्यंत आला तोही त्याच आवाजाचं बोट धरून, असं त्याला वाटे.

म्हणून तनूचा बॅडमिंटनला हात छान बसतोय म्हटल्यावर त्याने अकरा वर्षांच्या लेकीची दहावीच काढली. हॉकी स्टिक, पोहायचा चष्मा, सगळं लॉफ्टमध्ये. मंडळाच्या गणपतीलाही यंदा नाही. जानेवारीत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

“अरे, कोच तर म्हणाली, लेट हर प्ले एव्हरीथिंग. लहान आहे अजून,” त्याची बायको कस्तुरी म्हणाली.

“हे लोक तोंडावर गोडच बोलतात. निवड करताना बघ.”

तनू म्हणाली, “ओके, बाबा.” एवढंच.

रविवारी लेकीच्या केसांना तेल लावताना कस्तुरी गुणगुणे,

पाण्यात ती मासोळी गं, रानात ती हरिणी,
दमून येई घरा, निजे मांडीवर राणी.

“मासोळीला, हरिणीला सुट्टी दे वर्षभर,” सतीश म्हणे. कस्तुरीचा सूर मग नुसत्या बोटांत उरे.

दर सरावाला तो काचेपलीकडे फोन धरून उभा. जेवताना फटका न् फटका पुन्हा दाखवायचा. “हे बघ, मनगट.” तनू पोळीचे बारीक तुकडे करत राही. आणि पूर्वी तिच्या रॅकेटवर पाखरू उतरावं तसं उतरणारं ते पांढरं पिसांचं फूल आता जाळीत पडू लागलं. एकदा पडलं, मग पडतच गेलं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ती सामना हरली. बाहेर धुकं इतकं दाट की झाडं जणू पाण्यात उभी. सतीश गाडी आणायला गेला. परत येऊन बघतो तर दारात तनू नाही. पलीकडच्या हॉकीच्या मैदानातून हाका येत होत्या, “तनू, लेफ्ट, लेफ्ट!” तिच्या शाळेतल्या मायराचा आवाज. एक मुलगी कमी पडली असेल, हिला ओढलं असेल.

तो कुंपणाशी थांबला. धुक्यातून एक सावली वाहत आली, उसनी स्टिक हातात, वेणी सुटलेली. वळली, वाकली, चेंडू पुढे ढकलला आणि स्वतःशीच हसली. धुक्याने तिला पुन्हा पोटात घेतलं. त्याने फोन काढला नाही.

चिखलाने माखून ती आली तेव्हा तो कुंपणाशीच होता. तिचं हसू गेलं.

“सॉरी. आता नाही खेळणार.”

“इतकं आवडतं हॉकी?”

“ठीक आहे. बॅडमिंटन जास्त आवडतं.”

“मग?”

तनूने बुटाचा चिखल गवताला पुसला. एक बूट, मग दुसरा.

“बॅडमिंटनला तू असतोस, बाबा,” ती म्हणाली. “हॉकीला तू येत नाहीस.”