औषधाचा काळा ठिपका

कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत गणपतराव चौगल्यांच्या ओसरीवर त्या दुपारी इतकी माणसं लोटली होती, की चपलांचा ढीग आमच्या फाटकापर्यंत आला होता. मध्ये पाटावर मलकापूरकडून आलेले जोतीराम महाराज. समोर काचेच्या पेल्यात दोन बोटं तीर्थ आणि त्यात लोंबणाऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या तळाशी महाराजांनी पेनानं एकेक काळा ठिपका दिला होता. पहिला घराचा, दुसरा गणपतरावांच्या नातीचा, म्हणजे अंतराचा, तिसरा तिच्या औषधाचा.

तीर्थ कागदावर आपोआप चढू लागलं. घराचा ठिपका काळाच राहिला. अंतराचाही. तिसरा हलला. काळ्यातून गुलाबी सुटला, मग पिवळा, आणि सगळ्यांच्या पुढं निळा.

"फुटलं विष!" महाराज गरजले. "गुलाबी रगताचं, पिवळं पित्ताचं, निळं मरणाचं! घर चोख हाय, पोर चोख हाय. घाण हाय ती सुईत!"

कुणीतरी हुंदका दिला. मला एरवी हसू आलं असतं. पण आतल्या खोलीतून अंतराचा श्वास ऐकू येत होता.

अंतरा नऊ वर्षांची. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून रोज चार वेळा ते टोचावं लागतं. महाराजांच्या सांगण्यावरून आजोबांनी आदल्या दिवशीपासून ते बंद केलं होतं. औषध कुलपात आणि किल्ली त्यांच्या कमरेला. सकाळपासून पोर उलट्या करत होती. आता तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळांसारखा वास येत होता.

"त्यो सुईचं विष बाहेर पडल्याचा वास हाय," महाराज म्हणाले. "तिसऱ्या दिवशी बघा, पोर खेळाय लागंल. तवर सुई लावलासा, तर मी जबाबदार न्हाय."

"जबाबदार कधी असता तुम्ही?" मी विचारलं.

"वर्धमान, गप बस," गणपतराव माझ्यावर खेकसले. "शेजारी हाईस, शेजाऱ्यागत ऱ्हा."

"मामंजी, किल्ली द्या," अंतराची आई अवंतिका म्हणाली. "पाया पडतो तुमच्या."

"डोळ्यानं बघितलंस न्हवं रंग? आता जाणूनबुजून विष टोचू व्हय पोरीला?" गणपतरावांनी कमरेची किल्ली मुठीत धरली. हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. दुष्टाशी भांडता येतं. हे घाबरले होते, आणि सगळी ओसरी त्यांच्याबरोबर घाबरली होती.

तेवढ्यात चंदना आली. चंदना म्हणजे माझी बायको. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. कामाची पाळी संपवून ती थेट अंतराच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"एकशे आठला फोन लावा. आत्ता."

मी लावला. वीस मिनिटं, म्हणाले. गणपतराव दारात आडवे उभे राहिले. "पोर या घरातनं हलणार न्हाय."

चंदना पेल्यासमोर मांडी घालून बसली. सगळे रंगांकडं बघत होते. ती पट्ट्यांच्या तळाशी बघत होती. तिथं प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"महाराज, ही रेघ पेन्सिलीची कशाला?"

"परंपरा हाय, ताई."

"खरंच आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परंपरा. रेघ पेनानं मारली, तर शाईची रेघच पाण्याबरोबर वर पळते. कुठल्या प्रयोगशाळेत होता?"

महाराज तत्काळ समाधीत गेले.

चंदनानं त्यांच्या झोळीतून पेनं काढली. दोन होती, दोन्ही काळी. तिनं कोरी पट्टी घेतली, पेन्सिलीनं रेघ ओढली आणि गणपतरावांच्या हातात पेनं दिली. "काका, तुम्हीच ठिपके द्या. एकेका पेनाचा एक. कुणाचं नाव घेऊ नका."

त्यांनी ठिपके दिले. पट्टी पेल्यात सोडली. पाणी चढत होतं, आणि आतला श्वास मी मोजत होतो. त्या चार मिनिटांएवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

एक ठिपका काळाच राहिला. दुसऱ्यातून गुलाबी, पिवळा आणि निळा निघाले.

"दोन्ही काळे दिसतात, पण एकाची शाई पाण्यात विरघळत नाही," चंदना म्हणाली. "दुसरीत तीन रंग मिसळून काळा केलाय. पाणी वर जाताना तिन्ही ओढून नेतं. जो कागदाला जास्त धरून राहतो तो मागं पडतो, जो पाण्याबरोबर जातो तो पुढं पळतो. कागदाला काय ठाऊक, ठिपका कुणाच्या नावाचा? आता सांगा, हे विष कुणाचं?"

गणपतरावांनी पट्टी पेल्यातून उचलली. मग महाराजांकडं बोट केलं.

"ह्याच्या झोळीतलं," ते म्हणाले, आणि कमरेची किल्ली त्यांना सुटेना. अवंतिकानं करदोडाच तोडला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अंतराला आजोबांनीच उचलून नेलं. महाराज समाधीतच उठले आणि मागच्या दारानं गेले. दोन दिवसांनी पोलिसांना सापडले. पूर्वी एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते.

अंतरा तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी तिनं आजोबांना पहिला प्रश्न विचारला, "तुमाला माझ्या सुईची भीती वाटलीती व्हय?" ते उठले आणि पुढची सुई कधी द्यायची, हे नर्सला विचारून आले.

भीती कुणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण घाबरलात तर आधी डॉक्टरांना फोन करा. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, पेन इकडं द्या, आम्ही करून बघतो. आणि तो देवो न देवो, पेशंटचं औषध चालू ठेवा. एवढं केलंत तरी एखादं पोर वाचेल.