वयाची पेटी आणि पांढरी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी वयाची पेटी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच चेहरे पाडू नका. कुणी माझी कीव केलेली मला मुळीच खपत नाही.

एका घड्याळजींनी मोडक्या घड्याळांची चाके जुळवून मला घडवले. माझ्या पोटावर दिवस, महिना आणि वर्ष यांच्या तीन चकत्या आहेत. आपली जन्मतारीख लावायची आणि दांडा ओढायचा. पहिल्या खिडकीत तुमचे वय येते, दुसरीत जन्माचा वार, आणि तुमची जन्मतारीख आजवर किती वेळा फिरून आली ते तिसरीत.

घड्याळजींनी मला तरणतलावाच्या तिकीट खिडकीशेजारी उभे केले. काय थाट होता माझा! मुले पोहणे विसरून माझ्यापुढे रांग लावत. "मी शनिवारचा!" "मी तुझ्याहून मोठी, ताई म्हण मला!" असा नुसता गलका चाले. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझ्या डोक्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

तेही मी सोसले. डोके फिरले ते नव्या मॅनेजरसाहेबांमुळे. त्यांनी फर्मान काढले की टोपी वयाप्रमाणे मिळेल. लहानांना लाल, मोठ्यांना निळी आणि सत्तरी ओलांडलेल्यांना पांढरी. पांढऱ्या टोपीवाल्यांनी फक्त उथळ पाण्यात, चिल्ल्यापिल्ल्यांत उभे राहायचे. आणि हा निवाडा कुणाच्या तोंडून? माझ्या! मला कुणी विचारलेसुद्धा नाही.

एका सकाळी एक आजी नातीला घेऊन आल्या. याच तलावाच्या खोल पाण्यात त्या वर्षानुवर्षे पोहल्या होत्या. मध्ये गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसल्या होत्या आणि आता डॉक्टरांनीच त्यांना पुन्हा पोहायला सांगितले होते. नातीने हौसेने माझा दांडा ओढला. वय आले शहात्तर. मॅनेजरसाहेबांनी पांढरी टोपी पुढे केली.

"अहो, उथळ पाण्यात नुसतं उभं राहून काय करू? मी इथे कितीजणांना पोहायला शिकवलंय," आजी म्हणाल्या.

"आजी, नियम म्हणजे नियम. वय झालं आता तुमचं."

तेवढ्यात नात ओरडली, "आजी, तिसऱ्या खिडकीत एकोणीस!"

आजींचा जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा. ती तारीख चार वर्षांतून एकदा उगवते, त्याला मी काय करू? सगळे खो खो हसले. मॅनेजरसाहेबही खुलले. "एकोणीस? मग घ्या निळी टोपी! जा, सोडलं तुम्हाला."

आपण जिंकलो, असे मला वाटले. पण आजींनी टोपीला हातही लावला नाही.

"मला गंमत म्हणून सोडू नका. मी शहात्तरची आहे आणि शहात्तरचीच पोहणार. पोहता येत असेल तर सोडा, नसेल तर अडवा. पण आधी बघा तरी!"

हसणे थांबले. जीवरक्षक पुढे आला. "चला आजी, मी काठाने तुमच्याबरोबर चालतो."

काचेतून मला सगळे दिसत होते. आजी सावकाश निघाल्या. अर्ध्यावर थांबल्या, तेव्हा नातीने माझा दांडा घट्ट धरला. आजी पाठीवर तरंगल्या, दम घेतला आणि पुन्हा हात मारू लागल्या. पलीकडची भिंत शिवून त्या परत आल्या, तेव्हा मला इतका आनंद झाला की माझी चाके आपोआप खडखडली.

जीवरक्षक मॅनेजरसाहेबांना म्हणाला, "साहेब, आता सगळ्यांना हाच नियम लावू. आधी पोहून दाखवायचं, मग टोपी. तुमच्यापासून सुरुवात करू या?"

साहेबांना अचानक खोकल्याची उबळ आली.

मित्रांनो, मला वय विचारा, वार विचारा, पोटभर हसा. पण माझा आकडा दाखवून कुणाला "हे तुझं वय नाही" म्हणालात, तर याद राखा. मग दांडा कितीही ओढा, मी एक चाक हलवणार नाही!