ओरितोंच्या उजव्या गुडघ्याचा पट्टा

मी एक पट्टा. कमरेचा नव्हे, गुडघ्याचा. हामादा शहरातल्या औषधाच्या दुकानातून ओरितोंच्या उजव्या गुडघ्यावर आलो, त्याला चार वर्षं झाली.

ओरितो पोस्टातून निवृत्त झालेले. गावातल्या शाळकरी मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर पंच म्हणून जायचे. आमच्याकडे प्रत्येक संघाने आपला पंच आणायचा आणि त्याने इतरांच्या मॅचला उभं राहायचं. पंच नाही, तर संघाला प्रवेश नाही.

"अहो, गुडघा केवढा सुजलाय," त्यांची बायको सुमिए म्हणायची. "एक रविवार नाही गेलात तर जग बुडत नाही."

"जग नाही, पोरींची मॅच बुडते," म्हणत ते मला आणखी आवळायचे.

आडवं पळा, उलटं पळा, गचकन थांबा. पोरी दमल्या की बदलतात, पंच बदलत नाही. तिसऱ्या मॅचला गुडघा ठणकायला लागायचा आणि मी तो दाबून धरायचो. मला त्याचा फार अभिमान होता.

गेल्या महिन्यातला एक रविवार, दिवसातली चौथी मॅच. शेवटचं अर्धं मिनिट, बरोबरीचे गुण. पोरी सुसाट पळाल्या, ओरितो सहा पावलं मागे राहिले. पुढे कुणीतरी पडलं. त्यांना दिसल्या नुसत्या पाठी, तरी त्यांनी शिट्टी वाजवली. आठ नंबरच्या नाओचा पाचवा फाऊल, म्हणजे ती खेळातून बाद. चूक कबूल म्हणून तिने हात वर केला, वाकून नमस्कार केला आणि बाहेर जाऊन बसली. तिचा संघ हरला.

मॅचनंतर ओरितो लंगडत तिच्याकडे गेले. "मला दिसलं नव्हतं गं. तू धक्का दिलास का?"

"नाही, आजोबा."

"मग हात का वर केलास?"

"तुम्ही शिट्टी वाजवलीत ना."

त्याच संध्याकाळी त्यांनी पंचगिरी सोडली.

प्रशिक्षक इवाशिता घरी आले. "चालत चालत वाजवा, पण या. पोरी खोळंबल्यात."

"चालत शिट्टी वाजवता येते हो," ओरितो म्हणाले. "बघता येत नाही."

एका मुलीची आई आता पंचाची परीक्षा देतेय. ती पास होईपर्यंत बारा पोरी घरी बसल्यात, याचं ओरितोंना वाईट वाटतं.

मी धुऊन खणात ठेवलेला आहे. मी नसतो तर ओरितो तिसऱ्या मॅचलाच खाली बसले असते, आणि नाओ शेवटपर्यंत खेळली असती. मला पायात चढवाल तेव्हा माझ्यावर भिस्त ठेवू नका. गुडघा काय म्हणतो ते ऐका.