बोलकी पाटी

संस्कृती नऊ वर्षांची झाली तरी कडूबाईच्या कडेवरच होती. जन्मताना पोर उशिरा रडली, हातपाय ताठरले ते ताठरलेच, आणि तोंडातून शब्द काही फुटला नाही. बाप मुंजाजी मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ. घाटनांदुरातल्या घरात मायलेकी दोघीच. "तिला काय कळतंय," असं जो तो म्हणायचा, आणि ऐकून ऐकून कडूबाईही तसंच म्हणायला लागली होती.

गेल्या पावसाळ्यात शाळेत योगिता मॅडम यायला लागल्या. अशा लेकरांसाठीच्या त्या फिरत्या शिक्षिका. आठ शाळा त्यांच्याकडं, इथली पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांनी संस्कृतीला शाळेत आणायला लावलं आणि एका संस्थेचा टॅब तिच्यापुढं ठेवला. पडद्यावर मोठाली चित्रं होती. पाणी, भाकरी, आई, नको, दुखतंय. चित्राला बोट लागलं की आतून एका पोरीचा आवाज तो शब्द बोलायचा. शाळेतली लेकरं त्याला बोलकी पाटी म्हणू लागली.

"मॅडम, हिला पाटीवर रेघ वढता येईना अन् ह्ये कसं यावं?" कडूबाई म्हणाली.

"यात शिकायचं काही नाही हो. बोट टेकलं की झालं."

पण बोट टेकवणंच अवघड होतं. हात भलतीकडंच जायचा, मान मागं फेकली जायची. तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या कडूबाईकडं बघत संस्कृतीनं मूठ आपटली आणि पाटी म्हणाली, "आई."

कडूबाई तिथंच खाली बसली.

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमनी टॅब घरी दिला. सकाळी कडूबाईनं कढत पाणी काढलं. कढत पाण्यानं आखडलेले पाय मोकळे होतात, असं सासू सांगून गेली होती. अंघोळीला पोर रोजच किंचाळायची. खोडच ती, असं घरात ठरून गेलं होतं. त्या दिवशी तिला उचलायला वाकली तशी पाटी बोलली, "नको." पुन्हा, "नको." मग बोट सरकत सरकत "दुखतंय"वर गेलं.

कडूबाईनं बादलीत हात घातला आणि चटका बसून काढून घेतला. विसणाला गार पाणी ओतून तिनं पुन्हा हात बुडवून बघितला. नऊ वर्षं. रोजची अंघोळ. पोर रोज सांगत होती.

मार्चात संस्थेचं काम संपलं. टॅब बीडला जमा करायचे, असा निरोप आला. योगिता मॅडमनी अर्ज केला, दोनदा जाऊन आल्या. तिथं त्यांना सांगितलं, टॅब दुसऱ्या जिल्ह्याला जायचेत. टॅब पिशवीत घालताना मॅडम मान वर करत नव्हत्या.

"एकच ऱ्हाऊ द्या की मॅडम. कशाला नेताव?"

"माझ्या हातात असतं तर..." मॅडमनी पिशवीचं तोंड बांधलं.

एप्रिलात संस्कृतीला ताप भरला. ती रडत होती, डोकं भिंतीवर आपटत होती. कडूबाईनं पोट चोळलं, ओवा दिला, दृष्ट काढली. मुंजाजीचा फोन आला.

"कुटं दुखतंय तिला?"

"त्येच तर कळंना मला."

गावातल्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. चौथ्या दिवशी उशीवर पू आणि रक्त दिसलं. कडूबाई पोरीला घेऊन जीपनं अंबाजोगाईला गेली.

"कान फुटलाय," तिथली डॉक्टरीण म्हणाली. "पडदा फाटलाय. इतके दिवस ठणकत असेल. बोलली नाही का ही?"

"पाटी न्हेली तिची," कडूबाई म्हणाली. डॉक्टरणीला काही कळलं नाही. तिनं औषधं लिहून दिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ताप उतरला. त्या कानानं पोरीला ऐकू यायचं जवळजवळ बंद झालं. योगिता मॅडम एका पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून घरी घेऊन आल्या. तीच चित्रं, त्याच जागी. कानाचंही एक. त्यांनी पुठ्ठा संस्कृतीच्या मांडीवर ठेवला.

संस्कृतीनं तो ओळखला. डोळे चमकले. खूप खटाटोप करून तिनं बोट पाण्यावर नेलं आणि वाट बघत राहिली. पुठ्ठा गप्प. तिनं पुन्हा दाबलं, जोर लावून. मग चांगला कान त्याच्याजवळ न्यायला धडपडली.

"पाणी," कडूबाई घाईघाईनं म्हणाली. "पाणी पायजे ना बाई? आणते." तिनं भांडं पोरीच्या ओठाला लावलं.

संस्कृतीनं तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं. तिनं मनगटानं पुठ्ठा ढकलला, तो जमिनीवर पालथा पडला. मॅडमनी उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. पोरीनं तो पुन्हा ढकलला.

पुढच्या मंगळवारी कडूबाईनं तिला शाळेत नेलं, त्याच्या पुढच्याही. मॅडम पुठ्ठा समोर धरायच्या, हात धरून बोट टेकवायच्या, शब्द मोठ्यानं म्हणायच्या. संस्कृतीचा हात त्यांच्या हातात नुसता पडून असायचा. ती रडतही नव्हती. शाळेला सुट्ट्या लागल्या, तेव्हा अंघोळीचं पाणी कसंही असलं तरी ती गप्प बसून घ्यायची. ओतण्याआधी कडूबाई दर वेळी आपला हात बुडवून बघायची आणि विचारायची, "बरं हाय का, बाई?"

पोर भिंतीकडं बघत राहायची.